जुन्या डेस्कटॉपला एसएसडी: फॉर्मॅट न मारता विंडोज हलवता येईल का?

वरवंटा

घरच्या डेस्कटॉपला एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवायची आहे. तपशील असा: इंटेल कोअर आय३-४१६०, गिगाबाइटचा एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४+४ जीबी डीडीआर३ रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क. सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह आहेत. सी १५० जीबीचा असून त्यातले ९२ जीबी भरलेत; डी-ई-एफ मिळून ३१० जीबी डेटा आहे (फोटो, लग्नपत्रिकांच्या कोरलड्रॉ फायली, स्कॅन केलेली कागदपत्रं). विंडोज १० आहे, पण मुळात विंडोज ७ होतं, त्यावरूनच अपग्रेड केलेलं.

चालू केल्यावर हाताळण्याजोगा व्हायला चार मिनिटं लागतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, आणि त्याच वेळी वेग मात्र १-२ एमबीच्या वर जात नाही. हे कोडं काय आहे?

दुकानदार म्हणतो, "२५६ जीबीची एम.२ एनव्हीएमई टाकू, फॉर्मॅट मारून विंडोज नव्याने घालू." पण श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती डोंगलवर (संगणकाला लावायची लायसन्सची किल्ली) चालते आणि तिची सीडी आता सापडत नाही. त्यामुळे फॉर्मॅट नको आहे. क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करावं का? कोणती एसएसडी घ्यावी? आणि एवढ्या जुन्या मशीनवर हा खर्च करण्यात अर्थ आहे का?

शून्य_एक

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो: अर्थ आहे, आणि तो तुमच्या त्या कोड्यातच दडलाय.

७२०० आरपीएम म्हणजे चकती सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी हेड त्या पट्ट्यावर न्यायला आणखी ८-९. एका वाचनाला झाले १२-१३ मिलिसेकंद. सेकंदात अशी जेमतेम ८० वाचनं होतात. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून मागते. प्रत्येक वेळी ४ केबी धरले तर ८० गुणिले ४, सेकंदाला ३२० केबी! डिस्क जिवाच्या आकांताने धावतेय म्हणून १०० टक्के, आणि हाताला लागतंय चिमूटभर म्हणून १-२ एमबी. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, त्यामुळे हेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. खोक्यावर '५५० एमबी' छापतात तो सलग वाचनाचा आकडा. तुम्हाला जाणवणारा फरक या बारीक वाचनांचा असतो.

आता दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल. एच८१ च्या बोर्डांवर साधारणपणे एम.२ चा खाचा (एनव्हीएमई ही पट्टीसारखी, वेगवान एसएसडी बसते ती जागा) नसतो, एकदा कॅबिनेट उघडून बघा. पीसीआयई कार्डावर एनव्हीएमई बसवता येते आणि विंडोजला ती दिसतेही, पण या पिढीच्या बहुतेक बायोसना (बायोस म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तिच्यावरून बूट करता येत नाही. बायोस बदलून ते जमवणारे लोक आहेत. कामाच्या मशीनवर तो उद्योग करू नका. तुम्हाला हवी ती २.५ इंची साटा एसएसडी (साटा म्हणजे तुमची हार्ड डिस्क जोडली आहे तीच जोडणी).

एच८१ ला चार साटा पोर्ट असतात, दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. तुमच्या बोर्डावर शेजारी 'साटा३' आणि 'साटा२' असं छापलेलं असेल. एसएसडी 'साटा३' वर लावा. चुकून दुसऱ्यावर लागली तरी आभाळ कोसळत नाही, सलग वेग २७०-२८० वर अडकतो इतकंच.

खरेदीच्या आधी मात्र एक करा. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून हार्ड डिस्कची तब्येत बघा. ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे उजवीकडचे 'रॉ' आकडे इथे लिहा. क्लोन की फॉर्मॅट हा वाद त्यानंतर घालू.

वरवंटा

धन्यवाद! एम.२ चा खाचा खरंच नाही. आकडे असे आहेत (पुढची शून्यं सोडून): ०५ ला ०, सी५ ला १०, सी६ ला १०, सी७ ला २. वर पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसतंय.

हार्डडिस्कहृदयी

ताई, एसएसडी राहू द्या बाजूला. आज बाहेरची पोर्टेबल डिस्क आणा आणि डेटा काढून घ्या.

ते १० म्हणजे दहा नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फो आकडे मुळात षोडशमान पद्धतीत दाखवतं, तिथला १० म्हणजे आपले १६. (फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज, १० डेक असं निवडलं की दशमानात दिसतात.) सी५ म्हणजे जे सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल लागायचाय ते. तसे सोळा आहेत. असा सेक्टर वाटेत आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि तेवढा वेळ अख्खं विंडोज खोळंबतं. म्हणजे तुमच्या चार मिनिटांतला काही भाग यांचाही असणार. ०५ शून्य आहे याचा अर्थ डिस्कने अजून एकही सेक्टर बदलून राखीव जागेतला घेतलेला नाही. ही सुरुवात आहे; ती किती दिवस सुरुवातच राहील ते कोणी सांगू शकत नाही. सी७ चा संबंध केबलशी असतो. २ म्हणजे किरकोळ, तो वाढत गेला तर डेटा केबल बदला.

आता क्रम महत्त्वाचा. चेकडिस्क (विंडोजचंच डिस्क तपासायचं हत्यार) सगळ्यात आधी चालवू नका. तिचा 'आर' पर्याय अख्खी डिस्क पृष्ठभागापासून वाचतो, तासन्‌तास. मरणाऱ्या डिस्ककडून काम करून घ्यायचंच असेल तर ते डेटा काढण्याचं घ्या.

कॉपी करताना एक्सप्लोररमध्ये ओढून टाकलंत तर पहिल्याच खराब फाइलवर गाडी थांबेल आणि रात्रभर तशीच उभी राहील. विंडोजमध्येच असलेलं रोबोकॉपी वापरा. पण त्यातही एक खोडी आहे: न वाचता येणारी फाइल ते मुळात दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, पुन्हा वाचून बघतं. म्हणून पर्याय द्यायचे ते असे (इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप रोमनमध्ये करा):

रोबोकॉपी डी:\ जी:\डी_डेटा /ई /आर:१ /डब्ल्यू:१ /ए-:एसएच /लॉग:जी:\डी_लॉग.टीएक्सटी

'आर' म्हणजे किती वेळा, 'डब्ल्यू' म्हणजे मध्ये किती सेकंद. 'ए-:एसएच' दिलं नाही तर ड्राइव्हच्या मुळापासून कॉपी केलेलं फोल्डर लपलेलं राहतं आणि माणूस "कॉपी झालंच नाही" म्हणून पुन्हा चालवतो. ई आणि एफ साठी हेच, फोल्डर आणि लॉगची नावं बदलून. शेवटी लॉगमध्ये 'एरर' शोधा. ज्या फायली सुटल्या त्यांचीच नावं मिळतील.

पोर्टेबल डिस्क मागच्या निळ्या यूएसबी ३ मध्ये लावा. ३१० जीबीला तासभर लागेल, बारीक फायली जास्त असतील तर दीड. काळ्या यूएसबी २ मध्ये लावली तर अडीच तास धरा, आणि तेवढा वेळ ती डिस्क विनाकारण तापेल.

कागदी_होडी

क्लोनच्या विरोधात माझं मत नोंदवून ठेवतो. विंडोज ७ वरून १० वर आलेलं, त्यात दहा वर्षांचा कचरा, त्यात १६ सेक्टर वाचता न येणारे. हे जसंच्या तसं नव्या ड्राइव्हवर नेणं म्हणजे जुन्या घरातली वाळवी नव्या घरात नेणं. खराब सेक्टर विंडोजच्या एखाद्या फायलीखाली असेल तर तिची खराब नक्कल जाईल, आणि दोन महिन्यांनी निळा पडदा आला की दोष एसएसडीच्या माथी.

नव्याने टाकताना विंडोजच्या लायसन्सची काळजी नको. विंडोज १० ची डिजिटल सक्रियता मदरबोर्डशी बांधलेली असते, ड्राइव्ह बदलला तरी इंटरनेट मिळताच आपोआप सक्रिय होतं. इन्स्टॉल करताना की मागितली तर 'आय डोंट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडून पुढे जा, आवृत्ती मात्र होती तीच निवडा. होमच्या जागी प्रो निवडलं की सक्रियता अडते.

शून्य_एक

एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण इथे श्रीलिपीची सीडी नाही, आणि या कामात गाडी तिच्यावरच अडते. जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये नसणार. त्या फॉन्टमध्येच बांधलेल्या असतील. फॉन्ट नसलेल्या मशीनवर कोरलड्रॉमध्ये ती फाइल उघडली की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते.

विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातल्या फायली उचलून नव्या विंडोजमध्ये टाकल्या तर जुन्या फायली नीट दिसतील. ते आजच करा, क्लोन करा अगर करू नका. पण टंकलेखनाचा कीबोर्ड इंजिन आणि डोंगलचा ड्रायव्हर असा उचलून नेता येत नाही. घरच्या मशीनवर टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकनही असेल, तर त्यांचंही हेच. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करावं लागतं, टोकनला त्याचा ड्रायव्हर आणि जीएसटीच्या पोर्टलला एमसाइनर पुन्हा टाकावं लागतं.

तेव्हा मधला मार्ग: क्लोन, पण फक्त सी चा. आणि क्लोन बूट झाल्यावर विंडोजच्या फायलींची तपासणी (पुढे लिहितो). वाळवी निघालीच तर तेव्हा फॉर्मॅट करायला कोणी अडवलेलं नाही. जुनी डिस्क तोवर हाताशी असेल.

एसएसडी किती मोठी? २५० ची विंडोजमध्ये २३२ दिसते, ५०० ची ४६५, १ टीबीची ९३१. नुसत्या सी पुरती ५०० भरपूर होती. पण हार्ड डिस्क निवृत्त होणार म्हटल्यावर ३१० जीबी डेटालाही घर लागेल, आणि सगळं फक्त पोर्टेबलवर ठेवलंत तर ती एकुलती एक प्रत झाली. म्हणून १ टीबी घ्या. चालू डेटा तिच्यावर, दुसरी प्रत पोर्टेबलवर.

कोणती? टीएलसी चिपची (एका पेशीत तीन बिट साठवणारी; क्यूएलसीत चार) आणि शक्यतो स्वतःचा डीरॅम (एसएसडीची कामचलाऊ स्मृती) असलेली. सॅमसंग ८७० ईव्हो आणि क्रुशल एमएक्स५०० या दोन्हींत तो आहे, दोन्हींना ५ वर्षांची वॉरंटी. क्रुशलच्याच स्वस्त बीएक्स५०० मध्ये डीरॅम नाही. एनव्हीएमईत डीरॅम नसला तर संगणकाची थोडी रॅम उसनी घेता येते, साटात ती सोय नाही, म्हणून इथे फरक पडतो. क्यूएलसी चिपवर मोठी फाइल लिहायला घेतली की सुरुवातीचा राखीव वेगवान पट्टा संपतो, आणि पुढचा वेग कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो. नाव न ऐकलेल्या कंपनीची अर्ध्या किमतीतली १ टीबी दिसली तर हात आखडता घ्या. आणि कोणतीही घेतलीत तरी आल्यावर एचटूटेस्टडब्ल्यूने एकदा पूर्ण भरून तपासा. खोटी क्षमता लगेच उघडी पडते.

"एसएसडी लिहून लिहून झिजते" हे कोणीतरी सांगेलच. एमएक्स५०० च्या १ टीबीला ३६० टीबी लिखाणाची हमी आहे, ८७० ईव्होच्या १ टीबीला ६००. रोज २० जीबी लिहिले तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. भागाकार तुम्हीच करा.

वरवंटा

डेटा निघाला! लॉगमध्ये तीनच फायली सुटल्या, तिन्ही ई मधले जुने व्हिडिओ. फॉन्टही काढून ठेवले. १ टीबी एसएसडी मागवली आहे. आता बसवायचं आणि क्लोनचं नीट सांगाल का? खोक्यात केबल येते का?

हार्डडिस्कहृदयी

नाही येत. एक साटा डेटा केबल घ्या, ४०-५० सेंटीमीटरची, दोन्ही टोकांना धातूची चाप असलेली. आणि २.५ ची ३.५ करणारी पत्र्याची पट्टी, कॅबिनेटमध्ये २.५ इंची जागा नसेल तर. स्क्रू एम३ लागतात, चार पुरेत. लांब स्क्रू हाताला लागला म्हणून तोच पिळून बसवू नका, एसएसडीचं कवच फक्त ७ मिमी जाड असतं.

एसएमपीएसमध्ये साटा पॉवरचं टोक शिल्लक आहे का बघा. नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीचं चार पिनांचं टोक) साटा करणारी जोडणी मिळते, पण तीत दोन प्रकार आहेत. एकसंध ओतीव प्लॅस्टिकच्या टोकात तारा आतल्या आत जवळ येऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. मागचं झाकण निघतं आणि आत प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते, तो प्रकार घ्या.

बसवताना: एसएमपीएसचं मागचं बटण बंद, वायर काढलेली, पुढचं बटण एकदा दाबून उरलेला भार सोडून द्यायचा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा आणि मग एसएसडीला. (पावसाळ्यात स्थिर विजेचा त्रास नगण्य, विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या थंडीत मात्र हे विसरू नका.) साटाच्या टोकात इंग्रजी 'एल' च्या आकाराची जीभ असते. केबल सरळ आत जायला हवी. वरखाली हलवत ओढली की ती जीभ मोडते, आणि मोडली की वॉरंटीतही बसत नाही. एसएसडी उभी-आडवी-उलटी कशीही बसवा, आत हलणारं काही नाही.

कॅबिनेट उघडलंच आहे तर धूळ झटका. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसून बसवा, 'टक्' आवाज दोन्ही बाजूंनी आला पाहिजे.

शून्य_एक

क्लोनकडे येतो. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती २०२४ पासून बंद झाली, पण तीस दिवसांच्या चाचणी आवृत्तीत क्लोन चालत असेल तर ती या एका कामाला पुरते. क्लोनझिलाही चालेल. तो पेनड्राइव्हवरून बूट होतो आणि एक्स्पर्ट मोडमध्ये खराब सेक्टर ओलांडून जायचा 'रेस्क्यू' पर्याय त्यात आहे. पण त्याच्या निळ्या पडद्यावर स्रोत आणि लक्ष्य उलटं निवडलं की भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क छापली जाते. पहिल्यांदा करणाऱ्याने खिडक्या-बटणांचंच वापरावं.

१. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'आयडीई एटीए' खाली 'एएचसीआय' (साटा डिस्क चालवायची नवी पद्धत; आयडीई ही जुनी) असं नाव आहे ना बघा. विंडोज ७ च्या काळातलं मशीन, बायोसमध्ये आयडीई मोड राहिलेला असू शकतो. असेल तर सरळ बायोसमध्ये बदलू नका, विंडोज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळं पडेल. एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन बूटखाली 'सेफ बूट' वर खूण करा, रीस्टार्ट, बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय, सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या (तेव्हा ते योग्य ड्रायव्हर उचलतं), मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट.

२. मॅक्रियममध्ये जुनी डिस्क निवडून 'क्लोन धिस डिस्क'. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये खराब सेक्टर दुर्लक्षित करायचा पर्याय चालू करा.

३. डी, ई, एफ वरच्या खुणा काढा. त्यांचा डेटा आपण आधीच काढलाय. मोडकी डिस्क पुन्हा ३१० जीबी वाचायला लावायची गरज नाही. सी बरोबर सुरुवातीचा १०० एमबीचा 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' मात्र ठेवा. बूटची किल्ली त्यात आहे.

४. लक्ष्य म्हणून एसएसडी. सी चा आकार वाढवून ३०० जीबी करा, उरलेली जागा तशीच सोडा.

क्लोन संपला की संगणक बंद करा आणि जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल उपटा. पहिलं बूट फक्त एसएसडीवर. दोन्ही जोडलेल्या असल्या तर बायोस जुन्यावरूनच सुरू करतो आणि माणूस "काही फरक नाही" म्हणत बसतो. शिवाय दोन्हींची डिस्क-सही एकच असेल तर विंडोज एकीला 'ऑफलाइन' करतं. (अवांतर: नव्याने विंडोज टाकणाऱ्यांनीही हीच केबल काढावी. नाहीतर इन्स्टॉलर विंडोज एसएसडीवर आणि बूटचा भाग जुन्या डिस्कवर टाकतो. वर्षभराने जुनी डिस्क काढली की संगणक उठत नाही, आणि कोणालाच कळत नाही का.)

वरवंटा

क्लोन 'कम्प्लीटेड' म्हणाला, वाटेत दोन खराब सेक्टर ओलांडले. केबल काढली, चालू केलं, तर काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. बायोसमध्ये एसएसडी दिसतेय आणि बूटच्या यादीत पहिलीही आहे. जुनी डिस्क लावली की सगळं पूर्वीसारखं.

शून्य_एक

जुनी डिस्क लावलेली असताना डिस्क मॅनेजमेंट उघडा. एसएसडीवर सी च्या आधी १०० एमबीचा छोटा भाग दिसतोय का?

वरवंटा

नाही. एकच भाग आहे, ३०० जीबी. खुणा काढताना तो पण निघाला वाटतं.

शून्य_एक

वाटतं काय, निघालाच! पुन्हा क्लोन करायची गरज नाही. 'अ‍ॅक्टिव्ह' अशी खूण त्या छोट्या भागावर होती. सी वर ती नाही, म्हणून बायोसला दारच सापडत नाही. सी लाच दार करू.

दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज १० चा पेनड्राइव्ह बनवा (८ जीबीचा लागेल). फक्त एसएसडी जोडलेली ठेवा, गिगाबाइटवर एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडा. भाषेचा पडदा आला की शिफ्ट आणि एफ१०, काळी खिडकी उघडेल. मग एकेक ओळ (टाइप अर्थातच रोमनमध्ये):

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क ० (आकार ९३१ आहे ना बघूनच)
लिस्ट पार्टिशन
सिलेक्ट पार्टिशन १
अ‍ॅक्टिव्ह
एक्झिट

यानंतर लगेच पुढे पळू नका. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. 'डीआयआर सी:\' मारून त्यात विंडोज, यूझर्स, प्रोग्राम फाइल्स दिसतात का बघा. नसतील तर डी बघा. दिसले ते अक्षर पुढे वापरा:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस

'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की पेनड्राइव्हच्या बूट फोल्डरात जाऊन:

बूटसेक्ट /एनटी६० सी: /एमबीआर

पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट.

कागदी_होडी

कोणी इथे 'एमबीआर-टू-जीपीटी करून यूईएफआयवर जा' असं सुचवण्याआधी (एमबीआर आणि जीपीटी या डिस्कवरचे भाग नोंदवायच्या जुन्या-नव्या पद्धती, यूईएफआय म्हणजे नव्या पिढीचा बायोस): जुन्या डिस्कवर ते झालं नसतं. आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनवर डी-ई-एफ बहुतेक वेळा एका एक्स्टेंडेड भागाच्या पोटात असतात, आणि एक्स्टेंडेड भाग दिसला की ते हत्यार सपशेल नकार देतं. २ टीबीपेक्षा लहान ड्राइव्हला एमबीआर असल्याने वेगात काडीचा फरक पडत नाही.

वरवंटा

झालं!! बटण दाबल्यापासून डेस्कटॉप हाताळता येईपर्यंत २४ सेकंद. श्रीलिपी डोंगलसकट उघडली, तीन वर्षांपूर्वीची पत्रिका जशीच्या तशी दिसतेय. आता पुढे काय तपासू? डीफ्रॅग करू का?

हार्डडिस्कहृदयी

डीफ्रॅग नाही. तुकडे जोडण्याने एसएसडीला फायदा शून्य, लिखाण मात्र वाढतं. 'ऑप्टिमाइज ड्राइव्हज' मध्ये तिच्यासमोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं दिसलं की विंडोज मुख्यतः ट्रिम (कोणती जागा रिकामी झाली याची एसएसडीला सूचना) पाठवतं, ते वेळापत्रक चालू राहू द्या. 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' दिसत असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'विनसॅट फॉर्मल' एकदा चालवा, ओळख दुरुस्त होते.

ते दोन ओलांडलेले सेक्टर सी मधले होते, म्हणून आता (आता चालेल!) आधी 'चेकडिस्क सी: /एफ', मग 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ', आणि शेवटी 'एसएफसी /स्कॅननाऊ' (हे दोन विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करतात). एसएफसीने 'खराब फायली सापडल्या आणि दुरुस्त केल्या' म्हटलं तर पुन्हा एकदा चालवा. दुसऱ्यांदा 'काही सापडलं नाही' आलं पाहिजे. नाही आलं तर कागदी_होडी यांची वाळवी खरी ठरली, फॉर्मॅटची तयारी करा.

उरलेल्या जागेचा डी बनवून पोर्टेबलवरून डेटा आणा. कोरलड्रॉत चित्रं बाहेरून जोडलेली असतील तर त्यांना जुना मार्ग हवा असतो, म्हणून 'डी:\पत्रिका' पूर्वी जिथे होतं तिथेच ठेवा. पूर्वी ई वर होतं त्यासाठी छोटा ई केलात तरी हरकत नाही, एमबीआरवर चार प्राथमिक भाग चालतात. १०-१५ टक्के जागा मोकळी असू द्या, ठासून भरलेली एसएसडी मंदावते.

पेजफाइल, टेम्प फोल्डर 'झीज वाचवायला' दुसरीकडे हलवण्याचे जुने सल्ले दिसतील. ते ३०-४० जीबीच्या एसएसडीच्या काळातले आहेत.

दोन गोष्टी हार्ड डिस्कपेक्षा वेगळ्या आहेत. एक, ट्रिममुळे रीसायकल बिनमधून गेलेली फाइल रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला सहसा सापडत नाही. दोन, घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करायला लागणारा राखीव भार नसतो. भारनियमनाच्या गावात चांगल्या बॅटरीचा यूपीएस हवाच. यूपीएस वर्षानुवर्षं तसाच असेल तर एकदा भिंतीचं बटण बंद करून बघा, तो संगणक दोन मिनिटं तरी पेलतो का.

शून्य_एक

आणि विंडोज १० बद्दल. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं नेहमीचं सुरक्षा-समर्थन संपलं. सेटिंग्जच्या विंडोज अपडेटमध्ये वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर तिला पैसे पडत नाहीत. ती आजच करा. चौथ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. अटी चुकवून टाकता येतं, पण ज्या मशीनवर डोंगल आणि पोटापाण्याचं काम आहे तिथे मी ते करणार नाही. एसएसडीचे पैसे वाया जात नाहीत, उद्या बोर्ड बदललात तर हीच काढून तिकडे लावा.

वरवंटा

एसएफसी दुसऱ्यांदा स्वच्छ आलं. नोंदणीही केली. शेवटचा प्रश्न: जुन्या डिस्कचं काय करू? पोर्टेबलवर दुसरी प्रत आहेच, तर तीच जपून ठेवू का? की आणखी एक एसएसडी घेऊन कपाटात ठेवली तर जास्त टिकेल?

हार्डडिस्कहृदयी

कपाटात ठेवायला एसएसडी नको. तिच्यात डेटा म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार, वीज न देता ठेवली की तो हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीचं जेडेकचं (चिपची मानकं ठरवणारी संस्था) मानक असं: लिखाणाची हमी पुरी वापरून झाल्यावर ३० अंश सेल्सिअसला वीज नसताना एक वर्ष टिकली पाहिजे. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकते, पण आपल्याकडचं मे महिन्यातलं लोखंडी कपाट ३० अंशांवर थांबत नाही. दुसरी प्रत पोर्टेबल हार्ड डिस्कवरच ठेवा, महिन्यातून एकदा लावून नवं काम तिच्यावर टाका, आणि एरवी काढून ठेवा, कायम खोचून नाही.

जुनी डिस्क महिना-दोन महिने खणात असू द्या. सुटलेले ते तीन व्हिडिओ हवेच असतील तर डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून डेटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांच्यासाठी एक प्रयत्न करता येईल. नंतर भंगारात देण्याआधी वरच्या झाकणाचे ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू काढा (टी८ चा पाना लागतो, एक स्क्रू लेबलखाली लपलेला असतो) आणि चकतीवर स्क्रू ड्रायव्हरने खोल ओरखडे मारा. स्कॅन केलेली आधारकार्डं त्यातच आहेत. चकती काचेचीही असू शकते, म्हणून हातोडी घेतलीत तर आधी जाड फडक्यात गुंडाळा.